नसलेल्या म्हशीची तपासणी

शिवाजी पेठेतला माणूस कुठल्याही दवाखान्याला निघाला, की घरात 'जरा बी.पी. बघून येतो' असं सांगून निघतो. बी.पी. हा मर्दाचा आजार आहे. त्यात राग आहे, रुबाब आहे. कंबरेच्या खाली आणि पाठीच्या बाजूला जे काही होतं, त्याला मात्र पेठेत नावच नाही. राजारामपुरीत डॉ. तेजस्वी मगदूम यांचा पोटाचा दवाखाना आहे. तिथल्या बाकावर मला आजवर निदान अकरा ओळखीची माणसं भेटली असतील. अकराच्या अकरा बी.पी. बघायला आली होती. मीही त्यासाठीच गेलो होतो. माझं बी.पी. डॉक्टरीणबाईंनी कुठल्या बाजूनं बघितलं, ते इथं सांगत बसत नाही.

या सगळ्या बी.पी.वाल्यांची खरी हकीगत जिला ठाऊक, ती बाई म्हणजे शेवंताबाई. वय अठ्ठावन्न, राहायला विचारेमाळात. दवाखाना उघडला त्या दिवसापासून, म्हणजे चौदा वर्षं, तिथं कामाला. चौदा एप्रिल सोडला तर हक्कानं घेतलेली सुट्टी नाही. पगारपत्रकावर त्या 'अटेंडंट' आहेत, पण पेशंटला मागून उघडा असलेला झगा घालायचा, डाव्या कुशीवर वळवायचं, 'पाय पोटाशी घ्या पावणं, आनि आकडून बसू नगासा' म्हणून पाठीवर थाप मारायची, ही सगळी कामं त्यांची. एकदा त्या कुशीवर वळलेला माणूस पुन्हा शेवंताबाईंसमोर मिशीला पीळ देऊ शकत नाही. लग्नात त्या दिसल्या की चांगले चांगले पुढारी पंगत बदलतात.

खरं तर बदलायची गरज नसते. दवाखान्याबाहेर शेवंताबाई कुणालाही ओळख देत नाहीत. मी एकदा विचारलं, "मावशी, इतकी माणसं ध्यानात कशी राहतात?"

"कुठली ऱ्हात्यात?" त्या म्हणाल्या. "आमाला तोंडं कुठं बघाय मिळत्यात?"

आता थोडी डॉक्टरी. घाबरू नका, मला येते तेवढीच सांगतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या कातडीला काही जणांच्या बारीक बोंडं फुटतात. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक बोंडं निरुपद्रवी असतात, पण एखादं वर्षानुवर्षं गुपचूप वाढतं आणि पुढं त्याचा कॅन्सर होतो. म्हणून नळीच्या टोकाला कॅमेरा लावून आतडं बघतात आणि बोंड दिसलं तर तिथल्या तिथं काढून टाकतात. इथवर सगळं छान. पण ज्याला एकदा बोंड आलं त्याला पुन्हा येऊ शकतं. म्हणून कुणाला तीन वर्षांनी, कुणाला पाच वर्षांनी पुन्हा बोलावतात. आणि पेशंट नेमका तिथंच हरवतो. दुखत असलं तर माणूस रात्री-बेरात्री येईल, पण काही दुखत नसताना, ठरलेल्या दिवशी, त्याच झग्यात पुन्हा? कोल्हापूरकराला हे पटवणं अवघड.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ उपाय केले. आधी कॉम्प्युटरवरून सगळ्यांना इंग्रजीत मेसेज पाठवले, की तुमचा 'सर्व्हेलन्स' राहिलाय. आमच्या गुंडू चौगुलेनं तो मेसेज मुलाला दाखवला. मुलगा इंजिनीअर. तो म्हणाला, "आबा, सर्व्हेलन्स म्हंजे पाळत. कुनीतरी तुमच्यावर पाळत ठेवनार हाय." गुंडूनं त्याच दिवशी गच्चीवरचं वाढीव बांधकाम ताडपत्रीनं झाकून टाकलं आणि चौथ्या दिवशी वकील गाठला. मग दवाखान्यातून फोन सुरू झाले. एक गोड आवाजाची मुलगी 'सर, तुमची ड्यू डेट उलटून गेली आहे' असं म्हणायची. हप्ता थकलाय असं समजून लोक फोन कापायचे. ज्यांचा खरोखरच थकला होता, ते तर नंबरच बदलायचे.

जे चुकून परत यायचे त्यांची वेगळीच तऱ्हा. तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे असतात. कागदावर तसं लिहिलेलंही होतं. एका पैलवानानं मग दिवसभर पांढरा रस्सा घेतला आणि रात्री तोंडाला चव यावी म्हणून तांबडा. वर म्हणतो कसा, "दोनी पातळच हाईत की!" डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या दिवशी पडद्यावर आतड्याऐवजी नुसता कट दिसला.

तर गेल्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंनी न आलेल्यांची एक यादी काढली आणि ती शेवंताबाईंच्या हातात दिली. "मावशी, मेसेज झाले, फोन झाले. ही माणसं का येत नाहीत, ते आता तुम्हीच बघा." यादीत पहिल्या नावाखाली लाल रेघ होती. "बाकीच्यांना महिना-दोन महिने इकडं-तिकडं झाले तर चालेल. ह्यांना चालणार नाही. ह्यांची गाठ मोठी होती आणि जात चांगली नव्हती. तीन वर्षांनी यायला सांगितलं होतं, साडेचार झाली. आत आता काय चाललंय, देव जाणे."

नाव होतं आकाराम पोवार.

आकाराम माझा रोजच्या बैठकीतला. वय एकसष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तीस वर्षं तपासनीस होता. ओतलेला प्रत्येक लोखंडी भाग हातात घेऊन, ठोकून, भिंग लावून बघायचा, आणि संशय आला तर माल परत. त्याच्या भीतीनं साचे करणारे मोल्डर लोक देवाला नारळ फोडायचे. असा माणूस स्वतःच्या आतड्याच्या बाबतीत मात्र एकदा बघून 'ओके'चा शिक्का मारून मोकळा झाला होता. हे अर्थात आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. घरात आक्कालाही नव्हतं. साडेचार वर्षांपूर्वी तो कारखान्यातल्या एका दोस्ताला बरोबर घेऊन 'बी.पी.' बघून आला होता, आणि दवाखान्याच्या फॉर्मवर त्यानं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'घरी कळवू नये'.

शेवंताबाईंनी स्वतःच्या फोनवरून त्याला फोन लावला. ड्यू डेट वगैरे काही नाही. "शेवंता बोलतीया, मगदूमबाईंच्या दवाखान्यातनं. तात्या, कधी येतायसा?"

"कशाला येऊ?" आकाराम म्हणाला. "मी मटकी सोडलीया."

शेवंताबाईंना काही कळेना. "मटकी?"

"मिसळ बंद. उसळ बंद. साडेचार वर्सं झाली, मटकीचा दाना तोंडात टाकल्याला न्हाय. मग मोड कुठनं येनार? बी नसताना झाड उगवतंय व्हय?" आणि फोन ठेवला.

शेवंताबाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना सगळं आठवलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई येऊन पेशंटला नीट समजावून सांगतात, पण तेव्हा इंजेक्शनची गुंगी असते. माणूस 'हो हो' म्हणतो आणि त्यातलं अक्षरही त्याच्या डोक्यात राहत नाही. गुंगी उतरता उतरता आकारामनं शेवंताबाईंना विचारलं होतं, "काय निघालं वो?" आणि त्या कपडे देता देता म्हणाल्या होत्या, "आतड्यात मोड आल्ता. काढला बाईंनी."

त्यांच्या लेखी तो सरळ, साधा मराठी शब्द. पण कोल्हापुरात 'मोड' म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं काय येणार? ओल्या फडक्यात बांधलेली मटकी! आकाराम रोज सकाळी मिसळ खाणारा. त्याला वाटलं, एखादा न चावलेला दाणा आत ऊब मिळून रुजला आणि त्याला मोड आला. हिशेब चोख. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मिसळ सोडली. आम्हाला वाटायचं, गड्यानं काही नवस बोललाय. पेठेत दारू सोडलेल्याला कुणी विचारत नाही, पण मिसळ सोडलेल्याकडं लोक आदरानं बघतात. एकदोघं तर त्याच्या पाया पडले, आणि त्यानं पडू दिलं!

शेवंताबाईंनी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, "बाई, हा मानूस माझ्यामुळं येत न्हाय. माझ्या एका शब्दानं अडकलाय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग तो शब्द तुम्हीच काढून आणा."

पुढचे चार फोन लागले नाहीत. आकारामनं त्यांचा नंबर बंद करून टाकला होता. घरी जावं तर फॉर्मवरची ती ओळ आडवी, आणि शेवंताबाई दिलेल्या शब्दाला पक्क्या. राहता राहिला दूध कट्टा.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी तुमच्यासमोर ग्लासात धार काढतो आणि फेसासकट कोमट दूध उभ्या उभ्या प्यायचं असतं. आम्ही चार-पाच जण रोज तिथं. मी, आकाराम, तालमीचे अध्यक्ष गणपतराव, आणि दूध देणारा ज्ञानू गवळी. त्या दिवशी आकारामनं ग्लास नुकता ओठाला लावला होता. तेवढ्यात डोक्यावर पदर, हातात पिशवी अशा शेवंताबाई सरळ त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी लगेच ज्ञानूच्या म्हशीआड झालो. गणपतरावांनीही अचानक आभाळाकडं बघायला सुरुवात केली. त्यावरून मला एक गोष्ट कळली, पण ती पुन्हा कधीतरी गणपतरावांनाच विचारीन.

शेवंताबाईंना चारचौघात पेशंटचं काही बोलायचं नव्हतं. त्यांनी समोर उभ्या जनावराकडं बघितलं आणि बोलून गेल्या, "तात्या, तुमच्या म्हशीची तपासणी ऱ्हायलीया."

आकारामच्या नाकातून दूध आलं. "माझी म्हस?"

"व्हय. साडेचार वर्सामागं आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिची आतली चामखीळ काढली न्हवं का? तीन वर्सांनी परत दावा म्हनल्या हुत्या. तुमी काय आनलीच न्हाय तिला."

हे ऐकून गणपतराव आभाळातून खाली उतरले. "आकाराम! म्हस घेतलीस आन आमाला पेढा न्हाय?"

"जुनी हाय," आकाराम पुटपुटला.

"किती जुनी? वय काय म्हशीचं?"

"एकसष्ट," शेवंताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

ज्ञानूची खरी म्हैसही रवंथ करायची थांबली.

"म्हैने!" आकाराम ओरडला. "एकसष्ट म्हैने!"

"मग ऐन भरात हाय की," ज्ञानू म्हणाला. "दूध किती देती?"

"दूध कसलं?" शेवंताबाई म्हणाल्या. "नुसती खाती आनि बसती."

"मग इकून टाका तात्या."

"घेनार कोन?" शेवंताबाईंनी आकारामला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला हसू आवरेना, म्हणून मी म्हशीच्या पाठीवर तोंड दाबलं. त्या वासाचं वर्णन करत नाही.

ज्ञानू हा मूळचा जनावरांचा वैद्य म्हणवून घेणारा. त्याला चैन पडेना. "पर आतली चामखीळ कशी काय? म्हशीला चामखीळ सडावर येती. त्याला घोड्याचा केस आवळून बांधायचा. आठ दिवसात गळून पडती."

"आमच्या बाईंनी तसंच केलं," शेवंताबाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला, आणि आता त्या ज्ञानूशी नाही, आकारामशीच बोलत होत्या. "घोड्याच्या केसागत बारीक तार असती. तिचा फास टाकला, आवळला, तोडली. पर चामखीळच ती. येकदा आली तिथं परत येती."

"येती की!" ज्ञानूनं आपल्या म्हशीच्या सडाकडं बोट दाखवलं. "ही बघा. तिसऱ्यांदा आलीया."

आकारामचा ग्लास खाली आला. "आन मटकी?" त्यानं हळूच विचारलं. "म्हशीला मटकी घातली न्हाय... तरीबी येती?"

"मटकीचा काय संबंद न्हाय तात्या," शेवंताबाई म्हणाल्या. "ती चूक माझी. मी त्या दिवशी मोड म्हनाले. तो शब्द माझा. तुमी मटकी सोडा न्हाय तर पानी सोडा, आत याचं ते येनार. बाई म्हनत्यात, वाईट जातीची हुती. लई उशीर झाला तर जनावर हाताला लागत न्हाय."

आकारामचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. लाल रंग त्याला जास्त सवयीचा. "मला म्हस न्हाय!" असं साऱ्या गंगावेशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडून तो तरातरा निघून गेला. शेवंताबाई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. ज्ञानूनं त्यांना ग्लासभर दूध दिलं. त्यांनी ते घेतलं, पण अर्धंच प्यायल्या. "गेला हातातनं," एवढंच म्हणाल्या.

पण शेवंताबाईंनी एक गोष्ट धरली नव्हती. कोल्हापुरात एखादी म्हैस जन्माला यायला वेळ लागतो, पण तिची बातमी पसरायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ज्ञानू आकारामच्या दारात रतीब घालायला गेला आणि हिरमुसल्या तोंडानं म्हणाला, "आक्का, आता आमचं दूध बंद करनार न्हवं?"

"का बंद करंन?" आक्कानं विचारलं. आक्का म्हणजे आकारामची बायको. खरं नाव वेगळं आहे, पण गल्लीत तिला नावानं हाक मारायची कुणाची छाती नाही.

"घरची म्हस झाली की तात्यांची. साडेचार वर्सं झाली म्हनं."

आक्कानं पातेलं खाली ठेवलं, दार लावलं, आणि अंगणात दात घासणाऱ्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पुढचा संवाद मधल्या पातळ भिंतींमुळं सहा घरांनी ऐकला, आणि सहाव्या घरात माझी मेहुणी राहते.

"कुठं बांधलीया?"

"काय?"

"म्हस. साडेचार वर्सं. कुठल्या गल्लीत बांधलीया?"

"म्हस न्हाय गं."

"मला म्हाईत हाय म्हस न्हाय! म्हस म्हंजे कोन ती सांगा. सांगता का बोलवू सगळ्या पावन्यांना? नाव काय तिचं?"

आकारामनं तीन वेळा चूळ भरली. चौथ्यांदा भरायला तांब्यात पाणी उरलं नव्हतं.

"म्हस म्हंजे मी!"

"ते मला तीस वर्सं म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "दुसरी कोन ती सांगा."

मग मात्र त्यानं सगळं सांगितलं. बी.पी.चं, नळीचं, दोस्ताचं, मोडाचं, मटकीचं. आक्का एक शब्द बोलली नाही. आतापर्यंत भिंतीला लागलेले सहाही कान त्या शांततेनं घाबरले, असं मेहुणी सांगते. बऱ्याच वेळानं आक्काचा आवाज आला, आणि तो रडका होता.

"दुसऱ्याच्या लोखंडाला भोक सापडावं म्हनून भिंग घेऊन फिरला तीस वर्सं. आन सोताच्या पोटात काय चाललंय ते बघाय लाज वाटती? मी काय परकी हुते?" आणि मग नेहमीचा आवाज. "चला. उठा. बी.पी. बघाय चला."

दवाखान्यात आक्कानं पहिलं काम काय केलं असेल, तर तो जुना फॉर्म मागून घेतला आणि 'घरी कळवू नये' ही ओळ स्वतःच्या हातानं खोडली. शेवंताबाईंनी शिस्तीत आकारामची सही घेतली तिथं. तो देत नव्हता. आक्कानं बघितलं, मग दिली.

आदल्या दिवशीची तयारी आक्काच्या देखरेखीखाली झाली. ते खारट-गोड औषधी पाणी दोन लिटर प्यायचं असतं. आकाराम दर ग्लासाला म्हणायचा, आता बास. आक्का पायरीवर बसून पुढचा ग्लास भरायची. पांढरा रस्सा त्या दिवशी घरात नव्हताच. शेजारीपाजारीही तिनं कुणाला शिजवू दिला नाही, कारण वास येतो. त्या रात्री तीन रस्त्यांच्या तिकटीपर्यंतच्या सगळ्या घरांनी वरणभात खाल्ला.

तपासणी झाली. आत एक मोठी चामखीळ निघाली, पहिल्या जागेच्या जवळच. चपटी पसरलेली होती, एका फासात येईना, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली. या वेळी शेवंताबाईंनी आकारामला काही सांगितलं नाही. पूर्ण जागा होऊन, चहा पिऊन, स्वतःच्या पॅन्टचं बटण स्वतः लावेपर्यंत थांबल्या. मग आक्काला शेजारी बसवून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसायला चांगली नाही. तपासायला पाठवते. आठ दिवसांनी रिपोर्ट येईल. त्यानंतर कळेल आपण वेळेत आलो की नाही."

ते आठ दिवस आकाराम कट्ट्यावर यायचा, पण ग्लास हातात धरून नुसता उभा राहायचा. गणपतराव त्याची चेष्टा करायचे थांबले, ही तर फार मोठी गोष्ट. मी विनोद करून बघितला. तो हसलाही, पण त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही. एकदा मला म्हणाला, "दीड वर्स. दीड वर्स उशीर केला, आन वर मटकी न खाऊन शानपना केला."

इकडं शेवंताबाईंनाही झोप नव्हती, पण त्या बसून राहणाऱ्या बाई नव्हेत. त्या आठ दिवसांत त्यांनी उरलेली यादी घेतली. प्रत्येकाला स्वतः फोन केला आणि एकच विचारलं, "त्या दिवशी आमी तुमाला काय सांगितलं, ते तुमच्या शब्दात मला सांगा." काय काय बाहेर पडलं म्हणून सांगू! एकाला वाटत होतं, तीन वर्षांनी म्हणजे तीन वर्षांत त्रास झाला तर. एकाला वाटत होतं, काढलेला पॉलिप दवाखान्यात बरणीत ठेवलाय आणि तीन वर्षांनी तोच बघायला बोलावतायत. 'तुमीच बघा की, मला कशाला दावताय?' गुंडू चौगुले अजून ताडपत्री काढायला तयार नव्हता. शेवंताबाईंनी सगळ्यांचे मोड, बोंडं, सर्व्हेलन्स एका झटक्यात काढले आणि सगळीकडं चामखीळ लावली. चामखीळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माणसं यायला लागली. सगळी नाही, पण बाकाला गर्दी व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी नवा नियम केला. पेशंट पूर्ण जागा झाल्याशिवाय आणि घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय पुढची तारीख सांगायची नाही, आणि सांगितलेलं त्याच्या तोंडून परत वदवून घ्यायचं.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. आकाराम, आक्का आणि शेवंताबाई डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर. शेवंताबाईंना खरं म्हणजे तिथं काही काम नव्हतं. त्या उगाच खिडकीची काच पुसत होत्या. ती आधीच स्वच्छ होती.

"कॅन्सर झालेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण व्हायला निघाला होता. शेवटच्या पायरीवर होता. आणखी वर्षभर घरी बसला असतात, तर मला तुम्हाला हे वाक्य म्हणता आलं नसतं."

आकारामनं खिडकीकडं बघितलं. शेवंताबाईंनी फडकं तोंडाला लावलं होतं.

"पण आता दोन गोष्टी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक, तुकड्यांनी काढलीय, म्हणून सहा महिन्यांनी ती जागा परत बघायची. काय सांगितलं मी?"

"सहा म्हैन्यानं जागा परत बघायची," आकाराम शाळेतल्यासारखा म्हणाला. आक्काही म्हणाली. शेवंताबाईंनीही सवयीनं म्हटलं.

"दुसरी. तुमच्यात अशी निघाली, म्हणजे सख्ख्या भावंडांनीही एकदा बघून घ्यायला पाहिजे. भावंडं किती?"

"एक भाऊ," आक्का म्हणाली. "जोतीराम. धाकटा. कागलला असतो."

"मग त्यांना कळवा."

आकारामनं खाली बघितलं. "त्याचं माझं बोलनं न्हाय."

"कधीपासून?"

"अकरा वर्सं. बांधावरच्या आंब्यावरनं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. शेवंताबाई खिडकीपासून पुढं आल्या. "तात्या, मी करू का फोन?"

"नगं," आकाराम म्हणाला. "तुमी केला तर त्याला म्हस हाय का इचाराल." आणि त्यानं खिशातून फोन काढला. नंबर पाठ होता. अकरा वर्षं न बोलणाऱ्या माणसाला तो पाठ कसा, हे आक्कानं त्याच क्षणी मनात नोंदवून ठेवलं, असं तिनं मला नंतर सांगितलं. स्पीकर कसा चालू झाला ते कुणालाच माहीत नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

"कोन?"

"जोतीराम, मी आकाराम."

पलीकडून सावध आवाज. "कोन गेलं?"

"कुनी न्हाय गेलं. तुझं वय किती झालं?"

"...सत्तावन्न. का रं?"

"काय न्हाय," आकाराम म्हणाला. "सोमवारी कोल्हापूरला ये. बी.पी. बघायचं हाय तुझं."